देवळाबाहेरचा सेक्रेटरी

आपल्यातच कोणीतरी फितूर आहे, हे कमलाक्षीच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. का बसू नये? विमा एजंटांच्या संघटनेत आज जे ठरायचं, ते उद्या बँकवाल्यांच्या तोंडी! सरकार खाणीवरच्या ट्रकवाल्यांसाठी विमा योजना आणत होतं, आणि एजंटांना वगळून ती थेट बँकांना द्यायचं घाटत होतं. डिचोलीचे ट्रकवाले म्हणजे एजंट कमलाक्षीचं पोट. योजना बँकांकडे गेली की तिचा धंदा बसलाच म्हणायचा.

आज पर्वरीला मंत्र्यांची भेट होती. सेक्रेटरी गोकुळदास गाडीपाशी आला तो दाढी न करता, कपाळ मोकळं. चहा नको म्हणाला. मोबाइल वाजला की लांब जाऊन कुजबुजायचा.

"हा गोकुळदास कोणाशी बोलता हो?" कमलाक्षीने पेडण्याच्या एजंट गुरुदासला विचारलं.

"माका कित्याक विचारतंस, ताय? दिसता तां दिसता," गुरुदास म्हणाला.

मग संघटनेची अध्यक्ष म्हणून तिने ठरवलंच. आधी ग्रामदेवाला गाऱ्हाणं, मग पर्वरी. नारळाला सगळ्यांनी हात लावायचा. माणूस मंत्र्यासमोर खोटं बोलेल, पण देवासमोर बोलायची छाती आहे कोणाची?

गाऱ्हाणं गुरुदासने घातलं. काय तो खणखणीत आवाज! "आमच्यात जो कोण फूट पाडता, त्याचां वाट्टोळां कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. गोकुळदास मात्र पायऱ्यांखाली, रस्त्यावर.

"वर येवा. नारळाक हात लावा," कमलाक्षी म्हणाली.

"मी भायरच रवतंय, ताय. कारण मागीर सांगतंय."

"मागीर कित्याक? आत्ता सांगा!"

त्याने मान खाली घातली. बस्स, तिचं डोकं फिरलं. चोर सापडला होता! "मग गाडीत बसू नकात," तिने सगळ्यांदेखत सुनावलं. तो एवढंच म्हणाला, "बरां. पण थंय कोण तडजोड करूक लागलो तर मानू नकात." बघा कसा साळसूद, असं तिला वाटलं.

मंत्र्यांनी दारातच हाक मारली, "ये रे गुरुदास, बस."

मंत्री म्हणाले, योजना बँकांकडेच जाईल, एजंटांनी ट्रकवाल्यांचे कागद तेवढे गोळा करून द्यावेत, गुरुदासशी तसं बोलणं झालंय.

"आम्ही हे कबूल केलेलं नाही!" ती ओरडलीच.

"तुमचे सेक्रेटरी परवा याच खोलीत या तडजोडीला नाही म्हणून गेले होते. त्यांच्यासाठीच मी निर्णय थांबवला होता. पण तुम्हीच त्यांना काढून टाकलंत ना? मघाशी गुरुदासचा तसा फोन आला."

गुरुदास खिडकीबाहेर बघत बसला होता. मेल्याच्या तोंडावर लाज म्हणून नव्हती! मंत्र्यांनी घंटी वाजवून पुढच्या लोकांना आत बोलावलं.

बाहेर आल्याआल्या कमलाक्षीने गोकुळदासला फोन लावला. उचलला त्याच्या बायकोने, शालिनीने.

"हे मोबाइल घरात ठेवून लाटंबार्श्याक गांवाक गेले गो. चुलते वारले पहाटेक. सुतकात देवळात कशे चढतले? तुमका सांगल्यार तुमी घराक धाडले असते, म्हणून गप रवले. भेट होयपर्यंत मयत उचलू नकात, असां घरच्यांक सांगून आयलेले." मग तिने विचारलं, "योजना रवली ना गो आमकां?"

कमलाक्षी भिंतीला टेकली.

"गेली, वैनी. मीच घालयली."