फुकटचा उतार

जऊळका स्टेशनच्या कुंपणाला त्या मंगळवारी सकाळी चौतीस सायकली टेकलेल्या होत्या. एकोणीस लेडीज, पंधरा दांडीच्या. घंटी सव्वीस जणींना, त्यांतल्या वाजणाऱ्या अकरा. दोन्ही ब्रेक धड लागतील अशा तेरा. कॅरिअरला दोरी, जुनी ट्यूब नाहीतर ओढणीचा तुकडा मात्र सगळ्यांच्याच गुंडाळलेला. वेग दाखवणारं यंत्र एकीलाही नव्हतं.

रेणूनं हे वहीत उतरवलं आणि पुन्हा एकदा मोजलं, कारण पहिल्यांदा तेहतीसच भरल्या होत्या. चौतिसावी तिकीटघरामागच्या सावलीत सापडली.

"मोजून राह्यली का लिलाव करून राह्यली?" जगदेव मिस्त्रींनी विचारलं. कुंपणाच्या टोकाला त्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक लोखंडी पेटी, पंप आणि पाण्याचं घमेलं.

"मोजून राह्यली, काका."

"मोजून वाढत नाईत त्या."

रेणू स्टेशनपासून नऊ किलोमीटरवरच्या तांड्यातली. भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली आणि पुण्याच्या एका कंपनीत तिला घरबसल्या काम मिळालं. कंपनीचं व्यायामाचं ॲप होतं. हौसेनं सायकल चालवणारे ते वापरत. आता कंपनीला रोज सायकलीनं कामाला जाणारी माणसं हवी होती, आणि त्यांच्यासाठी ॲपमध्ये नवं काय घालायचं ते रेणूनं सुचवायचं होतं. ज्योत्स्ना मॅडम तिच्या वरिष्ठ. त्यांनी आपल्या तीन कल्पना आधीच पाठवल्या होत्या : जळालेल्या कॅलरींचा रोजचा आकडा, वेगाची शर्यत, आणि शंभर किलोमीटर झाले की सोनेरी पदक.

रेणूनं चार सकाळी कुंपणापाशी उभं राहून या कल्पना लोकांपुढे ठेवल्या. "जाळाले नाई, कमावाले जातो मी," एक जण म्हणाला. पदकाबद्दल ऐकून दोघी बाया एकमेकींकडे बघून हसल्या. बाकीच्यांचं म्हणणं फिरून फिरून एकाच जागी येई : आमाले फकत एवढं सांग, गाडी सापडते का नाई.

त्या मंगळवारी वाशिमची गाडी हलली आणि मग गोमतीबाई आली.

गोमतीबाई म्हणजे रेणूची काकी. वाशिमच्या एका वसतिगृहात ती स्वयंपाक करी. सहा वर्षांमागे हे काम मिळालं नसतं, तर दर दिवाळीनंतर ती आणि धरमसिंगकाका अजूनही ऊसतोडीलाच गेले असते. गाडी चुकण्याची ही या महिन्यातली दुसरी वेळ होती. तिनं सायकल स्टँडवर लावली, पदरानं तोंड पुसलं आणि फोन रेणूच्या हातात दिला.

"हे पाय. तुह्या ॲपनं काय म्हटलं मले."

पडद्यावर खाली वळलेला लाल बाण होता. खाली लिहिलं होतं : तुमची तंदुरुस्ती ऑगस्टपासून २३ टक्क्यांनी घटली आहे. विश्रांती घ्या.

"वीरेंद्रच्या फोनवर बी जाते हे," काकी म्हणाली. वीरेंद्र तिचा मुलगा, पुण्यात गोदामावर कामाला होता. "रविवारी येऊन राह्यला तो. म्हणते, मम्मी, लय झालं. सायकल इकून टाक अन् चाल मह्यासंगं."

"मग तू काय म्हटलं?"

"काय म्हणू व? पयले स्टेशनाले अडतीस मिनटं लागे. आता सत्तेचाळीस लागतात. तुही मशीन खोटी थोडीच बोलते." काकीनं फोन परत घेतला. "पुण्याले खोलीत बसून मी काय करू, ते नाई सांगत तुही मशीन."

ते ॲप काकीच्या फोनमध्ये रेणूनंच घातलं होतं, आणि घरचं माणूस म्हणून वीरेंद्रचा नंबरही तिनंच जोडला होता.

दुसऱ्या दिवशी रेणू आपली सायकल घेऊन काकीच्या मागून निघाली. काकीचे पाय थांबत नव्हते. दमही विशेष लागत नव्हता. सहा किलोमीटर ती हरभऱ्याच्या पेरणीपासून जावेच्या भांडणापर्यंत सगळं बोलत आली. तरी सायकल रेटल्यासारखी चालत होती.

सहा किलोमीटरनंतर एक चढ लागतो, आणि चढाच्या माथ्यावर शेंदूर लावलेला दगड आहे. तिथून पुढे उतार. तांड्यातले लोक त्याला फुकटचा उतार म्हणतात. दगडापाशी आलं की पाय उचलायचे, आणि सायकल डुलायला लागेपर्यंत पायडल मारायचं नाही, असा तिथला शिरस्ता. लहानपणी शाळेत जाताना रेणूनंही तो पाळला होता. कोणाची सायकल कुठवर जाते हे ज्याचं त्याला ठाऊक असतं.

काकीनं पाय उचलले. सायकल उतार उतरली, सपाटीला लागली, नाल्याच्या पुलावर आली आणि डुलली.

"पयले पळसापर्यंत जाये," काकी म्हणाली. पळस पुलाच्या बराच पुढे होता. "दिवाळीपासून अठीच मरते."

रेणू पुलावरच थांबली. मागे वळून तिनं दगडाकडे पाहिलं, मग पुढे पळसाकडे.

"काय व, चाल ना. गाडी जाईन."

"काकी, उतारावर तू पायडल मारतच नाई."

"मग? फुकटचा हाय तो."

"मग तुह्या पायाचा दोष कसा?"

त्या दुपारी काकीची परवानगी घेऊन रेणूनं तिच्या सगळ्या सकाळच्या मूळ नोंदी उघडल्या. पायडल मारताना अंगाला झोका बसतो आणि तो पिशवीतल्या फोनला कळतो. झोका थांबला की ॲप समजे, व्यायाम थांबला. आणि तेवढा तुकडा हिशेबातून काढून टाकी. फुकटचा उतार रोज असाच टाकून दिला जात होता. रेणूनं एकसष्ट सकाळींचे टाकलेले तुकडे गोळा केले आणि पाय कुठे थांबले, पुन्हा कुठे सुरू झाले, ते मोजलं. ऑगस्टची सरासरी चारशे नऊ मीटर. वीस सप्टेंबरपर्यंत तेवढीच. एकवीसपासून आकडा घसरू लागला, आणि नोव्हेंबरात दोनशे साठवर आला.

"एकवीस सप्टेंबरले काय झालं होतं, काकी?"

काकीनं आठवलं. "नाल्याले पूर नोयता का आला? अर्धं चाक पाण्यात होतं. ढकलत आणली मी."

जगदेव मिस्त्रींना सायकल तेव्हाच का दाखवली नाही, असं रेणूनं विचारलं. दाखवली होती, काकी म्हणाली. त्यांनी हवा भरली, चेनला तेल सोडलं आणि चांगली आहे म्हणून सांगितलं. त्यानंतर ॲपचा लाल बाण आला, मग कोण कशाला सायकलीकडे बघतो.

वीरेंद्र शनिवारी रात्रीच्या गाडीनं आला. रविवारी सकाळी रेणूनं त्याच्यापुढे आलेख ठेवला. त्यानं तो नीट पाहिला आणि बाजूला सारला.

"रेणू, घसरण त्यात बी हाय अन् यात बी हाय. मम्मी बारीक झाली हे तं दिसते ना? हलका माणूस कमी गडगडत असन."

शंका रास्त होती. रेणूला ती आवडलीही. "खरं हाय," ती म्हणाली. "म्हणून आज उतारावर चाल. आकडे तूच लिव."

सात वाजता चौघं दगडापाशी पोचले. वाटेत किराणा दुकानाच्या काट्यावर वजनं झाली होती : काकी सत्तेचाळीस किलो, रेणू बावन्न. त्यामुळे काकी बसेल त्या सायकलीच्या कॅरिअरला पाच किलो तुरीच्या डाळीची पिशवी बांधायची ठरली. दोन्ही सायकलींच्या चाकांत हवा सारखी भरली. रेणूनं काठीला रिबीन बांधून काठी बांधावर रोवली; रिबीन सरळ खाली लोंबत होती, म्हणजे वारा नव्हता. धरमसिंगकाकांकडे टेपचं टोक होतं. मोजणीचा टेप पन्नास मीटरचाच, त्यामुळे रेणूनं पहाटेच येऊन दर पन्नास मीटरला चुन्याची रेघ ओढून ठेवली होती.

"सायकली बदलायच्या," ती म्हणाली. "काकी माही घेईन, मी काकीची. दगडापाशी थांबून पाय उचलायचे. बाकी काई करायचं नाई."

"डाळ सांडली तं तुह्याकडून घेईन," काकीनं बजावलं.

काकी रेणूच्या सायकलीवर बसली आणि सुटली. पूल मागे पडला. पळस आला, तोही मागे पडला. वीरेंद्रनं लिहिलं : चारशे सतरा. दुसऱ्यांदा चारशे एकवीस, तिसऱ्यांदा चारशे पंधरा. तिसऱ्या खेपेला काकी पळसाजवळून जाताना सपाट रस्त्यावरही पाय हवेतच धरून होती, आणि तिचा पदर मागे उडत होता.

मग रेणू काकीच्या सायकलीवर बसली. दोनशे एकसष्ट. दोनशे अठ्ठावन्न. दोनशे त्रेसष्ट.

वीरेंद्र वहीकडे बघत राहिला. धरमसिंगकाका म्हणाले, "काहून रे, लिवता येत नाई का?"

"येते ना." त्यानं शेवटचा आकडा लिहिला, वही रेणूकडे दिली आणि आईच्या सायकलीचं हँडल धरलं. "मी जातो स्टेशनाले हिच्यावर. पायतो."

"इथून नाई," काकी म्हणाली. "तांड्यापासून. मी जातो तशी."

सगळे तांड्यावर परतले आणि तिथून वीरेंद्र निघाला. तीस वर्षांचा गडी, गोदामात पोती हलवणारा. त्याला एक्कावन्न मिनिटं लागली. काकी रेणूची सायकल घेऊन त्याच्यानंतर दहा मिनिटांनी निघाली, आणि स्टेशनवर आधी पोचून जगदेव मिस्त्रींच्या पेटीवर बसली. तिला छत्तीस मिनिटं लागली होती. वीरेंद्रचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"विश्रांती घे," काकी म्हणाली.

वीरेंद्र घमेल्याशेजारी मटकन बसला आणि हसायलाच लागला. "मम्मी, हे तू रोज चालवते?"

"रोज. जाऊन बी, येऊन बी."

जगदेव मिस्त्रींनी मागचं चाक सोडवलं, आस काढला आणि चाकाच्या मधली हब घमेल्यावर उपडी केली. ग्रीस निघालं नाही. गंजाचा लाल चिखल निघाला. मागच्या चाकात अठरा छर्रे असतात, त्यावर तर चाक फिरतं. त्यांनी हातावर मोजले. तेरा होते, आणि त्यांतले चार फुटके. चाक लंगडत होतं आणि दर फेऱ्याला ब्रेकच्या रबराला घासत होतं.

"मी बी चेनलेच तेल देत बसलो," मिस्त्री म्हणाले. मग नवे छर्रे बसवता बसवता काकीकडे बघून म्हणाले, "याच्यावर दोन महिने चालवली? बाई, तुमाले तं खरंच पदक पाह्यजे."

सोमवारी रेणूनं हे सगळं ज्योत्स्ना मॅडमना पडद्यावर दाखवलं, आणि पाय थांबल्यावर सायकल किती गडगडते ते ॲपनं रोज मोजावं असं सुचवलं. त्यांनी मधे न बोलता ऐकलं, ही त्यांची खूण. पुढे कठीण प्रश्न येणार.

"सगळ्यांच्या वाटेवर उतार नसतो, रेणू."

"नसतो. पण पाय थांबतात अशी एक जागा असतेच. फाटक असतं, वळण असतं, ऑफिसचं दार असतं. माणूस रोज जवळपास तिथंच पाय थांबवतो. तोच तुकडा आपण फेकतो."

"आपलं व्यायामाचं ॲप आहे. सायकलदुरुस्तीचं नाही."

"मॅडम, सायकल कशी आहे ते आपल्याला माहीत नसेल, तर बाई अशक्त झाली असं म्हणायचा आपल्याला हक्क नाही."

"किती सायकली आहेत तुझ्याकडे?"

"चौतीस."

"दोन आठवडे देते. आकडे आण. आणि तो लाल बाण मी आजच बंद करायला सांगते."

चौतिसांतल्या एकोणतीस जणांनी फोनमधल्या ॲपच्या जुन्या नोंदी पाहायची परवानगी दिली. त्यांतल्या सतरा सायकली पूर्वीपेक्षा कमी गडगडत होत्या. जगदेव मिस्त्रींनी त्या एकेक करून उघडल्या. पंधरांत दोष निघाला. उरलेल्या दोघी उतारावर हल्ली ब्रेक लावत होत्या, कारण मागे लेकरू बसू लागलं होतं. तेही रेणूनं लिहिलं. दोन आठवडे संपले त्या दिवशी मॅडमचा फोन आला : पदकं रद्द, तुझी सोय पहिली. सगळीकडे. आणि तिची मांडणी तूच बघायची, तिथूनच. त्या संध्याकाळी काकीच्या फोनवर लाल बाणाच्या जागी दोन ओळी आल्या. तुमच्या पायांत फरक नाही. सायकल नीट चालते आहे.

काकीनं त्या मोठ्यानं वाचल्या, मग वीरेंद्रला फोन लावून पुन्हा वाचल्या.

दुसऱ्या सकाळी तिनं रेणूला टेप घेऊन उतारावर यायला सांगितलं. धरमसिंगकाकाही आले. स्टेशनला निघालेले सात-आठ जण दगडापाशी थांबले, आणि त्यांच्यामध्ये आपलं दुकान सोडून जगदेव मिस्त्रीही उभे होते. काठीवरची रिबीन लोंबत होती. काकीनं डब्याची पिशवी हँडलला अडकवली, पाय उचलले आणि सुटली. पूल गेला. पळस गेला. सायकल डुलली तशी तिनं पाय टेकले आणि रेणू येईपर्यंत तिथून हलली नाही.

रेणूनं टेपचं टोक पळसाच्या बुंध्यापाशी धरलं आणि दुसरं टोक पुढच्या चाकापर्यंत नेलं. पळस दगडापासून चारशे आठ मीटरवर होता. त्याच्या पुढे चौदा मीटर तीस सेंटिमीटर.