ओल्या चादरींमागचा कोरा कागद

मित्रांनो, अडगळीच्या खोलीत तुटक्या खुर्च्यांमागे उभे असलेले मी एक जुने धूळमापक यंत्र आहे. पोटात पंखा, डोक्यावर पत्र्याचे छप्पर आणि त्याखाली एक पांढरा कागद, एवढाच माझा संसार. दिवसभर मी हवा ओढायची. तिच्यातली धूळ कागदावर बसते आणि मग त्या कागदाचे वजन करतात.

शहराला लागून असलेल्या खाणीला आणखी एक खड्डा खणायचा होता. त्याआधी इथली हवा कशी आहे, हे पाहायला मोजणीवाल्या काकांनी मला शिवणकाम करणाऱ्या एका ताईंच्या गच्चीवर ठेवले. खड्ड्याची परवानगी माझ्या कागदावर ठरणार होती: कागद पांढरा निघाला तर मिळणार, काळा निघाला तर नाही. ताईंच्या सहा वर्षांच्या लेकीचा खोकला काही केल्या हटत नव्हता. ती मला कान लावून पंख्याची घरघर ऐके आणि म्हणे, "याची छातीपण माझ्यासारखीच वाजते."

लेकीसाठी गच्चीवर पाणी शिंपडायची ताईंची सवय जुनीच. मी आल्यावर ती दुप्पट झाली. पाहुण्याला धूळ लागू नये म्हणून त्या माझ्याभोवती ओल्या चादरीही वाळत घालू लागल्या. धूळ चादरींनाच चिकटे, त्यामुळे तीन दिवस कागद जवळजवळ कोरा निघाला. काका खूश होऊन म्हणाले, "ताई, तुमची गच्ची म्हणजे थंड हवेचं ठिकाण आहे." माझा जीव तुटत होता, पण तोंड वासून हवा ओढणाऱ्याला बोलता कुठे येते?

चौथ्या दिवशी लेकीनेच विचारले, "काका, कागद पांढरा आहे, मग मला खोकला का येतो?"

काकांनी चादरींकडे पाहिले, ओल्या फरशीकडे पाहिले आणि वहीतली तिन्ही पाने खोडली. "चूक माझीच, मी आधी सांगायला हवं होतं," असे ते पुटपुटले. आता तीन दिवस पाण्याचा थेंबही नको होता.

ताईंनी चादरी ओढून काढल्या. "जिच्यासाठी शिंपडलं, तिच्याच मुळावर आलं असतं की."

पण कोरड्या गच्चीखाली लेक खोकून बेजार झाली असती. म्हणून त्यांनी तिला मावशीकडे धाडले. निघताना ती मला म्हणाली, "नीट श्वास घे हं."

मी घेतला. तिन्ही कागद काळवंडले. ती परतायच्या आतच काका मला घेऊन गेले. पुढे नवे यंत्र आले आणि मी इथे. खड्ड्याचे काय झाले, ती घरी आली का, कुणी सांगत नाही. बाहेर एखादे मूल खोकले की अजून माझे कान टवकारतात.

मित्रांनो, आम्हाला जपा. पण आमचा कागद मळू द्या. आणि ती कुठे भेटलीच, तर तिला एवढे सांगा, मी नीट श्वास घेतला होता.