थांबला की थरथरतो

माझा उजवा हात कामात असला की गुणी, रिकामा बसला की थरथर सुरू. म्हणून त्याला रिकामं बसू द्यायचं नाही, हे मी ठरवून टाकलंय. गोळ्या घेतो, ते वेगळं.

पण आमच्या धंद्यात वस्तऱ्याइतकंच तोंडही चालवावं लागतं. आणि माझी जुनी खोड अशी, की गोष्ट ऐन रंगात आली की वस्तरा हवेत धरून थांबायचं. आज सकाळी तसाच थांबलो. हात नाचला आणि खुर्चीतल्या एका पेन्शनर गिऱ्हाइकाच्या कानाची पाळी कापली गेली. रक्त थेंबभर, बोभाटा गल्लीभर!

संध्याकाळी मुलगी दुकानात आली. ती प्रयोगशाळेत माझ्या याच आजारावर, कंपवातावर, काम करते.

"बाबा, दुकान बंद करा."

"का? माझ्या मेंदूत डोकावून आलीस?"

"तुमच्या नाही, पण तसल्या पेशी रोज बघते. त्यांच्यात एक प्रोटीन असतं. त्याची घडी बिघडली की ते एकमेकांना चिकटतं, गुठळ्या होतात. हालचाल सांभाळणाऱ्या पेशी मरत जातात."

"पिठात होतात तशा गुठळ्या?"

"त्या फोडता येतात. या फोडणारं औषध आम्हाला अजून सापडलेलं नाही."

"म्हणून तू प्रयोगशाळेला कुलूप लावलंस?"

तिने समोरचा वस्तरा उचलून मिटला. मग हळूच म्हणाली, "उद्या कुणाचा गळा कापला गेला तर?"

भीती मलाही वाटत होती, का नाही वाटणार? पण घरी बसून स्वतःच्या हाताकडे बघत राहायची भीती त्याहून मोठी होती.

"बस खुर्चीत," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. मग केस वर बांधून बसली. "मानेवरचे काढा. वस्तऱ्यानेच. आणि गोष्ट सांगत काढा."

पक्की माझीच पोर! मी गोष्ट सुरू केली. रंगात आली तसा हात सवयीने थांबायला बघू लागला. मी थांबू दिला नाही. शेवटचं वाक्य चालत्या वस्तऱ्यावरच सांगितलं. गोष्टीतला विनोद पार फसला, पण मानेवर ओरखडा नव्हता.

"पुढच्या वर्षी जमेलच असं नाही, बाबा."

"नाही जमलं तर शटर मी ओढीन. त्या गुठळ्या कोण लागून गेल्या?"

तेवढ्यात दारातून एकाने डोकं आत घातलं. "दुकान बंद झालं म्हणे?"

मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "कोण म्हणतं? बसा. माझी एक बाजू राहिलीय." आणि तिने मान खाली घातली.