मला ऐकू येत होतं

मित्रांनो, कपाळावर ‘बाद’ची अर्धवट सोललेली चिठ्ठी घेऊन बसलेला हा जुना राउटर म्हणजे मी. एका जाळ्यातला निरोप दुसऱ्या जाळ्यात पोचवणं हे माझं काम. कारखान्यातून निघालो तो थेट या सरावाच्या प्रयोगशाळेत आलो, आणि शिकणाऱ्यांनी मला इतकं पिळलं की काही विचारू नका!

मोठ्या सरांनी मला एक लूपबॅक पत्ता दिला. तो कुठल्याच वायरीला बांधलेला नसतो. मी चालू आहे तोवर तो जागा. रोज सकाळी सर पार पलीकडच्या राउटरवरून त्या पत्त्यावर हाक मारत, “आहेस ना रे, म्हाताऱ्या?” पडद्यावर माझ्या उत्तराची पाच उद्गारचिन्हं उमटली, की मगच त्यांचा चहा.

मग सरांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली. त्यांची लेक इथेच शिकायची. मैत्रिणीला म्हणायची, “बाबांना काही कळत नाही गं आता. डोळे उघडे, पण उत्तर नाही.”

त्याच सुमारास कुणीतरी सराव करताना माझ्या वाटांच्या यादीतली एक ओळ पुसली. हाक ऐकू येई, पण उत्तर कुठून धाडायचं तेच मला ठाऊक नसे. नव्या सरांनी वायर तपासली, पत्ता तपासला, माझ्याकडे येणारी वाट तपासली. “संपला हा,” म्हणाले, आणि चिठ्ठी डकवली. फार वाईट वाटलं हो!

“सर, परतीची वाट बघितलीत?” लेकीने विचारलं.

“इथे हाकेला ओ नाही, अन् परतीचं काय घेऊन बसलीस?”

“बाबा आधी तीच बघायचे.”

तिने मला आपला संगणक जोडला आणि पुसलेली ओळ पुन्हा लिहिली. पाच उद्गारचिन्हं! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. “म्हणजे याला सगळं ऐकू येत होतं?” ती मात्र एवढंच म्हणाली, आणि पिशवी तिथेच टाकून घरी पळाली.

सकाळी माझ्यावर हात ठेवून रडली. “विचारलं, बाबा, ऐकू येतं का? तर माझं बोट दाबलं रे त्यांनी! चार महिने आम्ही उशाशी बसून ‘हे आता कामातून गेले’ म्हणत होतो. सगळं ऐकलं त्यांनी.”

सर पुढे आठच दिवस होते. आठही दिवस तिने हाक मारली, आणि आठही दिवस त्यांनी बोट दाबलं.

मित्रांनो, मला खुशाल भंगारात टाका, माझं वय झालंच आहे. पण घरातलं कुणी उत्तर देईनासं झालं, तर हाक मारणं थांबवू नका. आणि उशाशी बसाल तेव्हा त्यांच्याविषयी नका बोलू, त्यांच्याशी बोला.