बाराव्या खुर्चीवरचे पाय

रविवारची मिस्सा संपली की चर्चमागच्या हॉलमध्ये चहा असे. लांब टेबलावर मोठी किटली, ताटात बिस्किटे आणि एकमेकांत बसवलेल्या पांढऱ्या कपांच्या चळती. सूनबाईला लग्न होऊन या धर्मग्रामात, म्हणजे या चर्चच्या वस्तीत, येऊन वर्षही झाले नव्हते, म्हणून ती रांगेत सगळ्यांच्या मागे उभी राही. त्या दिवशी तिच्या लक्षात आले की सासूबाईंचा कप चळतीतून येत नाही. निळ्या काठाचा तो कप खिडकीजवळच्या खिळ्याला लटकवलेला असतो. सासूबाई आपणच जाऊन तो काढतात, चहा झाला की विसळतात आणि पुन्हा खिळ्याला लटकवतात. त्यांना तो कुणी हातात देत नाही.

सूनबाई शिलाईच्या दुकानात कपडे दुरुस्तीचे काम करायची. आलेला कपडा ती आधी उलटा करून बघे. वरून सगळेच कपडे बरे दिसतात, शिवण कशी आहे ते आतून कळते. माणसांच्या बाबतीतही तिला तीच खोड होती. घरी जाताना तिने कपाचा विषय काढला, तेव्हा व्हॅन चालवता चालवता नवरा म्हणाला, की आईला तोच कप आवडतो, त्यात काय एवढं. आणि हसत पुढे म्हणाला, "तुला सवयच आहे उसवायची."

सासूबाई मागच्या सीटवर खिडकीबाहेर बघत होत्या.

धर्मग्रामात कुणी वारले की सासूबाईंना बोलावणे येई. त्या मृताला आंघोळ घालत, केस विंचरत, नखे कापत, शेवटचे कपडे चढवत. त्यांच्या सासूने हेच केले होते आणि त्याआधी तिच्या सासूने. सगळे त्यांना मावशी म्हणत, लहानांपासून म्हाताऱ्यांपर्यंत. सूनबाईला लग्नाआधी हे कळले तेव्हा तिला वाटले होते, केवढे मोठे काम, लोक या घराला किती मानत असतील.

मानत होतेच. पण ते मानणे लांबून होते. मिस्सेत फादर म्हणत, "एकमेकांना शांतीची खूण द्या," की पुढच्या बाकांवरची माणसे एकमेकांचे हात हातात घेत. सूनबाईच्या घरचे बसत त्या शेवटच्या बाकाकडे वळली की मात्र तेच हात जुळायचे, मान लवायची, चेहऱ्यावर गोड हसू यायचे. पहिल्या रविवारी सूनबाईला वाटले, किती नम्र लोक! दुसऱ्या रविवारी तिच्या मनात पाल चुकचुकली. मग ती दर रविवारी प्रार्थनेऐवजी हातच बघू लागली. समोरच्या बाकावरचा शिक्षक शेजारच्या अनोळखी पाहुण्याचा हात घट्ट दाबायचा आणि मागे वळेपर्यंत हात जोडलेले असायचे.

"आई, हे लोक आपल्याला हात का देत नाहीत?" तिने एकदा विचारलेच.

"हात जोडतात ना? ते मोठंच की." सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

नवे फादर तरुण होते आणि त्यांना या गोष्टींचा गंध नव्हता. पवित्र गुरुवारी येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून फादर बारा जणांचे पाय धुतात. त्या बारा खुर्च्यांवर वर्षानुवर्षे ठरलेल्या घरांतलीच माणसे बसत आली होती. यंदा फादर स्वतः घरोघर फिरले आणि सासूबाईंच्या दारातही आले. बाराव्या खुर्चीवर तुम्ही बसाल का, असे त्यांनी विचारले. सासूबाईंनी पदराने आधी खुर्ची पुसली, मग फादरांना बसवले आणि मग स्वतः भिंतीला टेकून उभ्या राहत मानेनेच हो म्हणाल्या.

त्या दिवसापासून घरात पायांचाच विषय. संध्याकाळी सासूबाई कोमट पाण्यात पाय बुडवून बसत, टाचा दगडाने घासत, भेगांत तेल जिरवत.

"पाय धुवून घ्यायला जायचं म्हणून कुणी इतके पाय धुतं का?" सूनबाई हसायची.

"सगळेच धुतात. फादरांना आजवर मळका पाय दिसलाय कुठे? माझी भेग बघून त्यांच्या हातातलं भांडं पडायला नको."

इतकी वर्षे दुसऱ्यांचे पाय धुतलेली बाई आपल्या पायांकडे पहिल्यांदाच बघते आहे, हे सूनबाईला जाणवे. तिने सासूबाईंसाठी जुन्या मखमलीच्या तुकड्याचे मऊ सपाट जोडे शिवायला घेतले.

गुरुवारच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी फादरांनी नम्रतेवर प्रवचन दिले आणि शेवटी म्हणाले, की आपल्यातल्या एका वृद्ध भगिनीने गुरुवारची आपली जागा आपण होऊन दुसऱ्यासाठी सोडली आहे, हीच खरी नम्रता, तिचे आपण सगळे आभार मानू या. लोकांनी वळून शेवटच्या बाकाकडे पाहिले आणि हात जोडले.

सूनबाईने सासूबाईंकडे पाहिले. सासूबाई मागे वळून बघत होत्या, की ही भगिनी कोण.

मागे भिंत होती. तेव्हा कुठे त्यांना कळले. त्यांनी हळूच पाय बाकाखाली ओढून घेतले.

कुठेतरी पाणी मुरतंय हे सूनबाई इतके दिवस नुसते म्हणत होती. आता ते पायाखाली आले होते. विचारण्याआधीच आभार मानले गेले होते. तिचा पहिला संशय फादरांवर गेला. नवरा नको नको म्हणत असताना ती दुपारीच त्यांच्याकडे गेली. फादर गोंधळले. ते म्हणाले, की मावशींचे गुडघे फार दुखतात, खुर्चीवर इतका वेळ बसवणार नाही, पण तोंडाने सांगायला त्या लाजतात, असा त्यांचा निरोप गायकवृंदाच्या प्रमुख बाईंनी आणला होता. त्या बाई म्हणजे बेकरीवाली काकू. आता त्या जागी काकूच बसणार होत्या.

"आई रोज टाचा घासतात, फादर. गुडघे दुखणारी बाई उकिडवं बसून टाचा घासेल का?"

फादरांचा चेहरा पडला. मी पाहतो, ते म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, की एकदा जाहीर झाले आहे, या पवित्र आठवड्यात वाद नको, पुढच्या वर्षी नक्की. सूनबाईने त्यांच्याकडे नीट पाहिले. खोटे बोलणारा माणूस नव्हता तो. घाबरणारा होता.

संध्याकाळी बेकरीवाली काकू बिस्किटांचा खोका घेऊन घरी आल्या. खोका त्यांनी हातात दिला नाही, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. सासूबाईंचे मन किती मोठे, त्यांच्यासारखी नम्रता आमच्यात कुठली, असे बरेच बोलल्या. सासूबाई मान डोलवत राहिल्या. शेवटी सूनबाईने विचारले, की गुडघ्यांचे तुम्हाला कुणी सांगितले?

काकूंचा आवाज एकदम खाली आला. "हे बघ, माझ्या मनात काही नाही गं. पण लोक कुजबुजत होते. मेलेल्यांचं पाणी ज्या पायांवरून गेलं, त्या पायांना फादर हात लावणार. आणि मग त्याच हातांनी आमच्या जिभेवर प्रसाद ठेवणार. कुणी प्रसादाला उठलंच नसतं, तर मावशींनाच वाईट वाटलं असतं ना?"

सासूबाई उठल्या, आत गेल्या आणि तेलाची बाटली फळीवर मागे सरकवून ठेवली. त्या रात्री सूनबाईने जोड्यांची शिवण अर्धवट सोडली.

मंगळवारी दुपारी बेकरीतला माणूस धावत आला. काकूंची सासू, कित्येक महिने अंथरुणाला खिळलेली, गेली होती. मावशींना लगेच बोलावले होते. सूनबाई दारात आडवी उभी राहिली.

"जायचं नाही, आई. आता त्यांची त्यांनी घालू देत आंघोळ."

"मेलेल्या म्हातारीनं माझं काय वाकडं केलंय?" सासूबाईंनी पिशवीत साबण, टॉवेल, कंगवा भरला. "तुला राग आलाय तर तूही चल. रिकाम्या हातांनी राग जास्त येतो."

बेकरीच्या मागे काकूंचे घर. या दोघी आल्या तशी माणसे बाजूला सरकली आणि रस्ता झाला. सूनबाईला तो मान वाटला नाही. आतल्या खोलीत फळीवर म्हातारीला ठेवले होते. बादल्या भरलेल्या होत्या. रीत अशी, की मावशी आत गेली की दार बाहेरून ओढून घ्यायचे आणि सगळे झाल्यावर तिने आतून हाक मारायची. काकूंनी कडीला हात घातलाच होता.

सासूबाई उंबऱ्यावर थांबल्या.

"आज दार ओढायचं नाही," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही आत या."

काकूंना आधी समजलेच नाही. मग त्या म्हणाल्या, की मला नाही जमणार, माझा जीव घाबरतो, तुम्हाला सवय आहे.

"मला काय जन्मतः सवय होती? पहिल्या वेळी मीही रडले होते." सासूबाईंचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "मी अडून बसले नाही. मी आंघोळ घालणार आहे. पण एकटी घालणार नाही, आजच नाही, इथून पुढे कुणाच्याच घरी नाही. घरातलं एक माणूस माझ्याबरोबर आत पाहिजे. सासू तुमची आहे. पाणी तुम्ही ओता."

बाहेरच्या खोलीत कुणीतरी खाकरले. काकूंचा नवरा भिंतीकडे बघत राहिला. सूनबाईला खात्री होती, की ही बाई आता काहीतरी निमित्त काढेल, चक्कर येईल, कुणाला तरी पुढे ढकलेल. ती डोळ्यांत तेल घालून बघत होती. काकू बराच वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी चपला काढल्या आणि आत आल्या.

पहिला तांब्या हातातून निसटता निसटता राहिला. सासूबाईंनी म्हातारीची मान हातावर घेतली, सूनबाईने साबण लावला आणि काकू पाणी ओतू लागल्या. पाठीवर जखमा पडल्या होत्या. त्या दिसल्या तशा काकू रडायला लागल्या, पण ओतायच्या थांबल्या नाहीत. फळीवरचे पाणी कडेने खाली ओघळले, फरशीवर पसरले आणि मोरीच्या वाटेने जाताना तिघींच्या पायांवरून गेले. काकूंनी खाली पाहिले. सूनबाईनेही पाहिले. पाय कुणीच मागे घेतले नाहीत, घ्यायला जागाच नव्हती.

बुधवारी म्हातारीला पुरले. गुरुवारी संध्याकाळी चर्च भरून गेले.

वेदीसमोर बारा खुर्च्या मांडल्या होत्या आणि बाराव्या खुर्चीवर बेकरीवाली काकू बसल्या होत्या. सूनबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. मंगळवारचे रडणे ओसरले म्हणायचे. सासूबाईंनी तिच्या मांडीवर हात ठेवला आणि त्या जपमाळ ओढू लागल्या. फादर भांडे आणि टॉवेल घेऊन एकेका खुर्चीपुढे गुडघे टेकत होते. काकूंनी मोजे काढले तेव्हा शेवटच्या बाकावरूनही दिसले, की त्यांचे पाय लालभडक झाले आहेत, घासून घासून कातडी सोलली आहे. पुढच्या बायकांनी एकमेकींकडे कौतुकाने पाहिले. केवढी भक्ती, असेच त्यांना वाटले असणार. मंगळवारचे पाणी त्या पायांवरून गेले होते, हे चर्चमध्ये फक्त तिघींना माहीत होते. फादरांनी त्या पायांवर पाणी घातले, दोन्ही हातांनी ते धुतले, पुसले. काकूंनी डोळे मिटून घेतले होते.

पुढे शांतीची खूण द्यायची वेळ आली. बाकांवर हातात हात गेले. शिक्षक मागे वळला, त्याचे हात जुळले. तेवढ्यात मधल्या वाटेने काकू चालत आल्या, पार शेवटच्या बाकापर्यंत. त्यांनी सासूबाईंपुढे हात केला. सासूबाईंनी तो दोन्ही हातांत घेतला. मग काकूंनी तो सूनबाईपुढे केला.

सूनबाई त्या हाताकडे बघत राहिली. हा पश्चात्ताप, की गप्प बस म्हणून केलेली विनवणी? वरून दोन्ही सारखेच दिसते. तिने हात घेतला आणि सोडला नाही.

"काकू, तुम्ही आईंच्या वतीनं लोकांना सांगितलं होतं," ती हलकेच म्हणाली. "आता तुमच्या वतीनं सांगा."

काकू गायकवृंदाच्या प्रमुख होत्या, त्यांना चर्चभर पोचणारा आवाज होता. त्या वळल्या.

"मावशींनी जागा सोडली नव्हती. मी खोटं सांगितलं. परवा माझ्या सासूला आम्ही तिघींनी आंघोळ घातली. ते पाणी माझ्या पायांवरून गेलंय. मी पाय सोलेपर्यंत घासले, तरी पाय तेच आहेत. आणि फादरांनी आत्ता तेच पाय धुतलेत. फादरांच्या त्या हातांनी ज्यांना प्रसाद नको असेल, त्यांनी उठू नका."

शिक्षकाचे हात अजून जोडलेलेच होते आणि त्याला ते कुठे ठेवावेत कळेना. वेदीवर फादर आपल्या तळहातांकडे बघत उभे होते. मग त्यांनी प्रसादाचे पात्र उचलले आणि पायऱ्या उतरून खाली येऊन थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती, पण पाय मागे गेले नाहीत.

कुणी उठले नाही.

मग शेवटच्या बाकावरून सासूबाई उठल्या. त्यांच्या चपला बाकाखालीच राहिल्या. त्या अनवाणी मधल्या वाटेने पुढे निघाल्या, त्यांच्या मागे काकू, काकूंच्या मागे सूनबाई. दोन्ही बाजूंचे बाक एकेक करून मागे पडत होते. आयुष्यभर प्रत्येक कपडा उलटा करून बघणारी सूनबाई या वेळी मात्र मागे वळली नाही. आपल्यामागे बाकांचा आवाज होतोय की नाही, कोण उठतंय आणि कोण खाली मान घालून बसलंय, हे तिने पाहिले नाही. ते ज्या त्या बाकावर बसलेल्यानेच पाहायचे होते.