ओढबाबाचा चढ

इंजिन बंद होतं, किल्ली ओढबाबाच्या मुठीत होती, आणि तरीही ती पांढरी मोटार चढावर सरकत होती. ओढबाबा तिच्यापुढे उलट्या पावलांनी चालत, दोन्ही हातांनी हवेतला न दिसणारा दोर खेचत होता. घाटाच्या त्या सरळ पट्ट्यावर शे-दोनशे माणसं श्वास रोखून उभी होती. कोणी मोबाइल धरले होते, कोणी हात जोडले होते, काहींनी दोन्ही एकदमच साधलं होतं.

"विज्ञान म्हणतं, वस्तू खाली जाते," ओढबाबा म्हणाला. "मी म्हणतो, वर ये. आता बघा, कोणाचं ऐकते ती."

मास्तरीणबाई हा तमाशा आपल्या मोटरहोमच्या दारातून बघत होत्या. गणित शिकवण्यात जन्म गेलेला. निवृत्तीनंतर नवरा-बायकोने हौसेने हे जुनं फिरतं घर घेतलं होतं. आत ओटा, सिंक, तीन बिछाने. सोबत धाकटा दीर होता. टपालखात्यात पायपीट करून तो निवृत्त झाला आणि लगोलग त्याची बायको गेली. तेव्हापासून तो भिंतींशी बोलायचा. "भाऊजी, चला, चार गावं बघू," असा बाईंनीच त्याला आग्रह केला होता. घाट उतरताना इंजिनाने आचके दिले आणि जिथे उतार संपून चढ लागल्यासारखा दिसतो, नेमकी तिथेच गाडी बसली. स्टार्टर फिरे, इंजिन काही उचलेना. मेकॅनिक संध्याकाळी येतो म्हणाला होता.

ओढबाबाला असं गिऱ्हाईक रोज कुठलं मिळायला? तो गर्दी घेऊनच आला.

"ही गाडी बंद पडलेली नाही, हिला थांबवलंय," त्याने बॉनेटला कान लावला. "आत कोणीतरी फार रडलेलं आहे."

भाऊजींचे डोळे भरून आले. रडलेला माणूस तोंडावरून ओळखायला दिव्यदृष्टी लागत नाही. पण त्यांना तेवढं पुरलं. त्यांनी बायकोचं सगळं सांगून टाकलं.

"ती वरच थांबली आहे," ओढबाबा म्हणाला. "गाडी चढली की समज, तुझा निरोप पोचला."

बाईंनी नवऱ्याला आत बोलावलं. मोटरहोम सपाट जागी उभं आहे की नाही हे कळावं म्हणून समोरच्या फळीवर पाण्याची एक छोटी बंद नळी बसवलेली होती. त्यातला बुडबुडा नेहमी उंच बाजूला जातो.

"अहो, पुढे चढ असता तर बुडबुडा पुढे गेला असता. हा मागे चिकटलाय. रस्ता पुढे उतरतोय."

"जुनी नळी आहे, बिघडली असेल."

"बुडबुडा कसला बिघडतोय? आणि इंजिन बंद असलं की ब्रेक दगड होतो, हे तुम्हीच मला शिकवलंत ना?"

नवऱ्याने खिडकीतून भावाकडे पाहिलं. "वर्षभरात पहिल्यांदा त्याला काहीतरी हवंसं वाटलंय. पन्नास पावलं गाडी सरकली तर आपलं काय जातं?"

बाई खाली उतरल्या. त्यांनी ओढबाबाला सरळ सांगितलं, "किल्ली काढून घेऊ नका. स्टिअरिंग अडकेल."

"ताईंना भीती वाटतेय," तो गर्दीकडे वळून म्हणाला, आणि गर्दी हसली. मग त्याने गाडीत हात घालून किल्ली काढून घेतली, उंच धरून सगळ्यांना दाखवली. इंजिन चालू नाही, याचा पुरावा.

नवरा चाकाशी बसला, त्याने ब्रेक सोडला. गाडी सरकली, टाळ्या पडल्या. पुढे ओढबाबा, आणि संरक्षक भिंतीच्या कडेने भाऊजी, हात जोडून, ओठांत काहीतरी पुटपुटत. लहान मोटारी इथे गोगलगायीसारख्या जायच्या आणि पायाने सहज थांबायच्या. हे भरल्या टाक्यांचं, चार टनांचं घर होतं. त्याने वेग धरला. नवऱ्याने ब्रेक दाबला. दोनदा दबला, मग पेडल ढिम्म हलेना. लोकांपासून दूर जावं म्हणून त्याने चाक किंचित वळवलं, तर खट्कन कुलूप पडलं आणि गाडी भिंतीकडे वळली ती वळलीच. ओढबाबाने दोर टाकून बाजूला उडी मारली. भाऊजींचे डोळे मिटलेले होते.

भिंतीशी चेंगरलेल्या भाऊजींना दुसऱ्या गाडीत घालून नेत होते, तेव्हा ओढबाबा गर्दीला सांगत होता, "श्रद्धा अर्धी असली की जागा आपलं घेते." माना डोलल्या. एकानेही विचारलं नाही, की मग ओढणारा तू कोण होतास.

दोन दिवसांनी बाई मेकॅनिकला घेऊन घाटात गेल्या. त्याने डिझेलचा फिल्टर उघडला, त्यातलं डिझेल बाटलीत ओतलं, बाटली उजेडात धरली. खाली पाणी, वर डिझेल. "पंपावर भेसळ मिळाली तुम्हाला. यावर इंजिन कसं चालणार?"

ओढबाबा पलीकडे हजर होता, गर्दीसकट. बाईंनी मोटरहोममधली पाणी भरायची लांब पारदर्शक नळी काढली आणि पाण्याने भरली. एक टोक चढाच्या पायथ्याशी तिथल्या चहावालीच्या हातात दिलं, दुसरं वर एका ट्रकवाल्याच्या. पाणी दोन्ही टोकांना एकाच पातळीत राहतं, हे गवंडीही रोज वापरतो. चहावालीच्या टोकाला पाणी तिच्या घोट्याशी उभं राहिलं, 'वर' उभ्या असलेल्या ट्रकवाल्याच्या मांडीशी.

"म्हणजे मी खाली आहे?" ट्रकवाला म्हणाला. "मला तर इतकी वर्षं चढच वाटायचा."

"सगळ्यांनाच वाटतो," बाई म्हणाल्या. "आपण तीव्र उतारावरून येतो, म्हणून पुढचा सौम्य उतार चढ वाटतो. त्यात ही भिंत पुढे बुटकी होत जाते, दोन्हीकडे डोंगर, क्षितिज दिसत नाही. डोळ्यांना धरायला काहीच उरत नाही. गाडी उतारावरून जाते. कोणी ओढत नाही."

"पाण्यालाही मीच ओढलं," ओढबाबा म्हणाला. चार माणसं हसली. बाकीच्यांनी हात जोडले. "बाई दुःखात आहेत," कोणीतरी समजूतदारपणे म्हणालं.

पुढच्या रविवारी गर्दी दुप्पट होती. जागा आता जागृत ठरली होती.

इस्पितळात भाऊजींचा उजवा पाय गुडघ्याखाली उरला नव्हता. ते छताकडे बघत म्हणाले, "वहिनी, निरोप पोचला नसेल ना? माझीच श्रद्धा कमी पडली."

पाय गेला तो गेलाच. त्यावर हा दोषही ओढबाबा भाऊजींच्याच डोक्यावर ठेवून गेला होता.

"भाऊजी, तुमच्या श्रद्धेत काही कमी नव्हतं. रस्ता उताराचा होता."

भाऊजींनी भिंतीकडे तोंड वळवलं. त्यांना पटलं की नाही, ते बाईंना कधीच कळलं नाही.

डोळे फसतात, त्यात लाज नाही, सगळ्यांचेच फसतात. दुःखात माणूस लवकर फसतो, तीही लाज नाही. पण नवल दिसलं की हात जोडण्याआधी मोजून बघा, दुसऱ्याला मोजायला सांगा. आणि जो मोजू देत नाही, मोजणाऱ्याला हसतो, त्याच्या मागे आपलं माणूस पाठवू नका.