बसायची नाही ती खुर्ची

खांब घरी आला तेव्हा त्याच्या पायांत जीव उरला नव्हता. कापडाच्या दुकानाच्या दारात दहा तास उभं राहायचं. वॉचमनने बसायचं नाही, कारण मालक म्हणतो, बसलेला वॉचमन झोपल्यासारखा दिसतो. दुकानातल्या पोरांनी त्याला खांब म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव त्याच्या मागोमाग घरात शिरलं.

बूट काढले आणि सवयीने तो खुर्चीकडे वळला.

"हात लावू नकोस," ताई म्हणाली. मान वर करायचीही तसदी नाही.

घरात हातांची खुर्ची एकच. लाकडी, उजवा हात तारेने बांधलेला, बैठक आधी बाबांनी आणि मग खांबाने बसून बसून गुळगुळीत केलेली. सात महिन्यांपूर्वी ताईने तिची चित्रं काढायला घेतली आणि खुर्चीच्या चारही पायांभोवती खडूने गोल काढले. खुर्ची गोलातून केसभर सरकली की सावली बदलते, आणि सावली बदलली की ताईचं डोकं फिरतं. सकाळची खुर्ची, दुपारची खुर्ची, पाठमोरी खुर्ची, वरून दिसणारी खुर्ची. त्या वरच्यासाठी ती दोन आठवडे टेबलावर उभी होती. अकरा झाली होती, बारावं चालू होतं.

खांब भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसला. "एवढं आहे तरी काय त्या खुर्चीत?"

"दमलेली माणसं आहेत. दिवसभर उभी असतात आणि त्यांना कुणी बस म्हणत नाही. ती रिकामी आहे ना, ते तुमचंच प्रतीक आहे, रे."

"म्हणजे मी दमतो हे लोकांना कळावं, म्हणून मी बसायचं नाही."

"दिव्याखाली अंधार," आई आतून म्हणाली. ती भाजी चिरत होती, तीसुद्धा उभ्याने.

पुढच्या महिन्यात प्रदर्शन लागलं. बारा चित्रं भिंतीवर आणि खरी खुर्ची हॉलच्या मधोमध, भोवती दोरी. दोरीपाशी माणूस हवा होता. ताई म्हणाली, चार दिवस रजा काढ. म्हणजे एकीकडे उभं राहायची रजा घेऊन खांब दुसरीकडे उभा राहिला. लोक यायचे, माना तिरक्या करायचे आणि खुर्चीला हात लावायला बघायचे. "लांबून बघा," तो म्हणायचा. एकाने विचारलं, "तुम्ही पण चित्रकार का?" "नाही, मी प्रतीक आहे," खांब म्हणाला.

चौथ्या दिवशी सकाळीच ताईने सांगितलं की एका मोठ्या संग्रहालयाच्या बाई येणार आहेत. त्यांना सगळंच हवंय, बारा चित्रं आणि खुर्चीसुद्धा.

"खुर्ची पण?"

"तिकडे काचेत ठेवतील."

खांबाने ताणलेलीच दोरी पुन्हा ताणली. काचेतल्या खुर्चीवर माणूस बसत नाही, कधीच नाही.

दुपारी बाई आल्या. ताई त्यांना एकेका चित्रासमोर नेऊन समजावत होती. खांब दोरीपाशी उभा राहून खुर्चीकडे शेवटचं बघून घेत होता, आणि बघता बघता त्याची नजर ताईच्या पायांवर गेली. चपलेचे पट्टे घोट्यांत रुतले होते. सगळा भार डाव्या पायावर, उजवा नुसता टेकलेला. मग तिने कुणाला कळणार नाही असा अलगद पाय बदलला. हे वॉचमनचं उभं राहणं होतं. त्याला ते शिकायला दोन वर्षं लागली होती.

त्याच्या डोक्यात एकदम आलं की आपण आठ महिने चिडचिड करतोय, पण ही तरी कुठे बसली? अख्ख्या बारा चित्रांत ती एकदाही खाली टेकली नाही.

त्याने दोरी सोडली. "ताई, बस."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" ती दातओठ खात कुजबुजली. "बाई बघतायत."

"बघू देत. पाय बघ तुझे, भाकरीसारखे फुगलेत."

ताईने पायांकडे बघितलं. मग खुर्चीकडे. काय झालं कुणास ठाऊक, सरळ जाऊन बसली. खुर्ची करकरली, तारेने कुरकुर केली, ताईने डोकं मागे टेकून डोळे मिटले.

बाई घुटमळल्या. "म्हणजे... ही आम्हाला मिळणार आहे ना?"

"चित्रं न्या," ताई डोळे न उघडता म्हणाली. "खुर्ची घरी जाईल."

"मला सगळं एकत्र हवं होतं."

"मग राहू द्या."

बाई बराच वेळ पाठमोऱ्या खुर्चीच्या चित्रासमोर उभ्या राहिल्या. विचार करून कळवते म्हणाल्या आणि गेल्या. हॉल रिकामा झाला.

खांब दोरी गुंडाळत म्हणाला, "ऊठ आता. माझा नंबर."

"दहा मिनिटं."

तो थांबला. उभं राहायची सवय होतीच.